मासा लागल्याशिवाय काठी नाही

पूर्णगडच्या पोस्टात मी सव्वीस वर्षं काढली. त्यातली शेवटची सोळा वर्षं मन्सूर सोलकर वर्षातून चार-पाच वेळा एक नळकांडं खांद्यावर टाकून खिडकीशी यायचा. नळजोडणीच्या पाइपचा सव्वाचार फुटी तुकडा, दोन्ही तोंडांना बुचं, वर त्याच्या मुलाच्या, फैझानच्या, वळणदार अक्षरात पत्ता. पत्ता कधी शिलाँगचा, कधी बंगळूरचा, दोनदा तर स्कॉटलंडचा. पहिल्या खेपेला मी विचारलं, "ह्यात काय आहे?"

"काठी."

"कसली काठी?"

"गरवायची."

गरवणं म्हणजे गळाने मासे धरणं. आमच्याकडे पोरंसोरं कुंपणातला बांबू उपसतात, त्याला नायलॉनचा तंगूस बांधतात आणि धक्क्यावर जाऊन बसतात. असली काठी पैसे भरून परदेशी पाठवणारा माणूस एक तर वेडा असणार, नाहीतर लबाड, असं माझं मत झालं आणि मी पावती फाडली. पुढे कळलं की लबाड तो नव्हता. थोडा वेडा होता, पण तेवढी सूट मी कुणालाही देतो.

मन्सूर हाडाचा सुतार. बापाबरोबर होड्या बांधायचा, मग होड्या फायबरच्या झाल्या आणि तो मस्कतला एका फर्निचरच्या कारखान्यात गेला. तिथे एका म्हाताऱ्या स्कॉटिश इंजिनीअरने मोडलेली काठी दुरुस्तीला आणली. मन्सूरने ती गरम पाण्यात घातली, तर सरस सुटला आणि काठीचे सहा तुकडे झाले. एकसारखे सहा, प्रत्येक तीन बाजूंचा, मुठीकडे जाड आणि टोकाला सुईएवढा. बांबू चिरायचा, तासायचा आणि परत चिकटवून एक करायचा, हे त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्या दिवशी आपण जेवलो नाही, असं तो सांगतो. हफीजाभाभी, म्हणजे त्याची बायको, यावर एवढंच म्हणते की माझ्याशी लग्न ठरलं त्या दिवशी मात्र दोनदा जेवले होते.

दहा वर्षांनी तो गावी परतला तो तासण्याच्या लोखंडी पट्ट्या, त्या इंजिनीअरने दिलेली, गळाला बांधायच्या पिसांच्या खोट्या माश्यांची डबी आणि हे खूळ घेऊन. मागच्या पडवीत त्याने दुकान मांडलं. वद्य पक्षात तोडलेला बांबू वर्षभर माळ्यावर सुकवायचा. उजेडी पक्षात तोडलेल्याला भुंगा लागतो. मग चिरायचा, करवंट्यांच्या निखाऱ्यावर शेकायचा, पाठीकडचा कठीण भाग ठेवून पोट तासून टाकायचं. सहा पट्ट्या जुळवताना गाठीशेजारी गाठ येऊ द्यायची नाही, नाहीतर काठी तिथेच दगा देते. दोरी ओवायच्या कड्या काठीला बांधायला रेशीम हफीजाभाभीच्या भरतकामाच्या डब्यातलं, आणि ती बांधतेही तीच, कारण मन्सूरच्या बोटांना तेवढं बारीक जमत नाही. मूठ पांगाऱ्याच्या लाकडाची, हातात घेतली तर असल्यासारखी वाटत नाही. गळाला आमिष नसतं. कोंबड्याच्या मानेची पिसं आणि बकऱ्याच्या दाढीचे केस बांधून कोलंबीसारखं काहीतरी केलेलं असतं. त्याला वजन नसतं, वजन दोरीत असतं. काठी मागेपुढे झुलवून दोरीच फेकायची, पिसं तिच्यामागून जातात. हे मला त्याने तीन वेळा समजावलं. मला मासे खाता येतात, तेवढं पुरे आहे.

त्याचा एक नियम होता आणि अजून आहे. नवी काठी खाडीवर न्यायची आणि तिला मासा लागल्याशिवाय घराबाहेर द्यायची नाही. जो मासा लागेल त्याचं नाव तो मुठीच्या वर, रोगणाखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहितो. 'तांबोशी, पौष वद्य अष्टमी.' 'बोय, माघ वद्य नवमी.' बंगळूरच्या एका गिऱ्हाइकाला वाटलं की बोय हा काठीचा प्रकार आहे. त्याने आणखी एक बोय मागवली. मन्सूरने पुढच्या काठीला बोय लागेपर्यंत दीड महिना वाट पाहिली. मध्ये त्या काठीला एक शेंगटी लागली होती, ती त्याने परत सोडली आणि धरलीच नाही असं समजायचं ठरवलं. नियमाचा माणूसही अडचणीत सापडला की असा वागतो, हे मी सरकारी नोकरीत बघितलेलं आहे.

आता धाकू. धाकूचं घर खाडीच्या अंगाला, आणि घरामागे माणग्याचं बेट. माणगा म्हणजे आमच्याकडचा भरीव बांबू. मन्सूरच्या सगळ्या काठ्या त्या बेटातल्या. धाकूने त्याबद्दल कधी काही घेतलं नाही. वर काठीला मासा लावायला जायचं तर होडी धाकूची आणि वल्हंही धाकूच मारायचा. मन्सूर उभा राहून दोरी फेकणार आणि धाकू बसल्या जागेवरून त्याची टिंगल करणार, असा दोघांचा संसार.

"मासो काय खुळो हाय पिसा खायला?" असं तो दर वेळी म्हणायचा आणि मासा लागला की सगळ्यात आधी तोच ओरडायचा.

पहिल्याच वर्षी मन्सूर त्याला म्हणाला होता, "धाकू, तुज्यासाठी एक बनवतंय. तुजी पयली."

धाकूने बेटात जाऊन स्वतःसाठी एक बांबू निवडला, त्याला तांबडी चिंधी बांधली. तेवढ्यात शिलाँगहून पत्र आलं. गिऱ्हाइकाला घाई होती, धाकूला नव्हती, आणि चिंधीवाला बांबू सगळ्यात चांगला होता. तो शिलाँगला गेला. पुढच्या वर्षी धाकूने दुसऱ्या बांबूला चिंधी बांधली. तो बंगळूरला गेला. मग हे दर वर्षीचं झालं. धाकू दर मार्गशीर्षात चिंधी बांधायचा, मन्सूर दर मार्गशीर्षात कपाळाला हात लावून म्हणायचा, "आता पुढल्या वर्षी नक्की." एकोणीस चिंध्या झाल्या. धाकू हसण्यावारी न्यायचा. "मी काय खय पळून जातंय? खाडी हाय, मी हाय." हफीजाभाभी एकटी मन्सूरला लावून बोलायची, "माज्या फडताळाची कडी लग्नापासून लागत नाय, धाकूभाऊ तर एकोणीसच वर्षां थांबलेत."

दोन वर्षांपूर्वी, गोकुळाष्टमी होऊन आठवडा झाला असेल, धाकू जाळं सुकत घालताना पडला. अर्धांगवायू. रत्नागिरीच्या दवाखान्यात तीन आठवडे होता. जीव वाचला, पण उजवा हात आणि उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. एक 'हां' तेवढा उरला. सुखाला हां, दुःखाला हां, चहा हवा का तर हां आणि नको का तर तोही हां. डॉक्टर म्हणाले, डावं अंग धड आहे, हिंडवा-फिरवा, पायाचे व्यायाम करून घ्या. पण धाकूने पडवीतली प्लॅस्टिकची खुर्ची धरली ती धरलीच. ज्या खाडीवर साठ वर्षं काढली तिच्याकडे पाठ करून बसायचा. त्याची बायको कमळा रोज सकाळी खुर्ची खाडीकडे वळवायची आणि तो डाव्या पायाने रेटत परत फिरवायचा.

मन्सूर रोज जायचा. जाऊन काय करायचा, तर बसायचा. परत येताना माझ्या दारावरून जाताना एकदा थांबला आणि म्हणाला, "मास्तर, एकोणीस वर्षां. एक काठी दोन महिन्यांत होते."

 सांत्वन मला जमत नाही, आणि हिशेब त्याचा बरोबर होता.

त्या मार्गशीर्षात चिंधी बांधायला कुणी नव्हतं. मन्सूरने माळ्यावरच्या सुकलेल्या बांबूंतला शेवटची चिंधी असलेला काढला. तो बंगळूरच्या गिऱ्हाइकासाठी ठेवलेला होता. गिऱ्हाइकाला फैझानने कळवलं की थांबावं लागेल. मन्सूर चार महिने त्या एका काठीवर बसला. एवढा वेळ त्याने कुठल्याही काठीला दिला नव्हता. एक पट्टी कागदाच्या जाडीइतकी कमी तासली गेली तर टाकून दुसरी घेतली. एकदा गाठीशी गाठ आली म्हणून चिकटवलेली सबंध काठी गरम पाण्यात घालून परत सहा केली. त्याला घाई होती आणि घाई करायची भीतीही होती. धाकू खुर्चीत वाळत चालला होता. काठी त्याला परत खाडीकडे वळवेल, एवढीच मन्सूरची आशा होती. ती त्याने मला सांगितली आणि मी मनातल्या मनात खुळचटपणा म्हटलं.

मुठीसाठी त्याने कमळाकडून धाकूचं जुनं वल्हं मागून आणलं. ही त्याची सुताराची रीत. माणसाच्या हाताचं माप हातावरून घ्यायचं नाही, त्याने वापरलेल्या हत्यारावरून घ्यायचं. हात घाबरतो, आखडतो, खोटं सांगतो. हत्यार खोटं सांगत नाही. आणि ते वल्हं खरंच बघण्यासारखं होतं. धाकूच्या बोटांनी लाकडात चार खळगे पाडले होते, अंगठ्याखाली एक पाचवा. मन्सूरने ते खळगे मेणात उतरवून घेतले, मेणावरून पांगाऱ्यात कोरले. मी स्वतः ती मूठ धरून पाहिली. माझा हात तिच्यात बसेना. ती फक्त एकाच माणसाची होती.

फाल्गुनात एका सकाळी तो काठी घेऊन धाकूकडे निघाला आणि मलाही बोलावलं. नियमाप्रमाणे अजून मासा लागायचा होता, म्हणून द्यायची नव्हती, फक्त दाखवायची होती. हफीजाभाभीने कड्या तांबड्या रेशमाने बांधल्या होत्या, चिंधीचा रंग म्हणून. मन्सूरने काठी धाकूपुढे धरली. धाकूने पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ओठाचा डावा कोपरा वर गेला. मन्सूरने त्याचा उजवा हात उचलला, मुठीवर ठेवला आणि बोटं खळग्यांत बसवली.

बोटं बरोबर बसली. मन्सूरने हात सोडला आणि ती गळून पडली.

त्याने परत बसवली. परत गळाली. मग त्याला कळलं. वल्ह्याने माप खरं सांगितलं होतं, पण ते ज्या हाताचं सांगितलं तो हात आता नव्हता. सहा महिने रोज समोर बसून तो मेलेला हात पाहणारा माणूस चार महिने दुसऱ्याच धाकूसाठी काठी करत होता. त्याने मूठ डाव्या हातात देऊन पाहिली. खळगे उलटे, अंगठ्याच्या जागी करंगळी. धाकू म्हणाला, "हां." मन्सूर पडवीच्या पायरीवर बसला आणि रडला. चांगला मोठ्याने रडला. मी रस्त्याकडे बघत राहिलो, पण मलाही वाईट वाटलं, हे सांगून टाकतो.

कमळा आतून विळी हातात घेऊनच बाहेर आली. तिने काठी पाहिली, धाकूचा हात पाहिला, मन्सूरला पाहिलं.

"भावजी, एक इचारू? मासो लागल्यावर दोरी कोण ओढता? उजवो हात?"

"नाय. डावो," मन्सूर नाक पुसत म्हणाला. "उजवा काठी धरतो. दोरी सगळी डाव्या हातात."

"मग तुमी काठी धरा. दोरी ह्येंच्या हातात द्या. नायतरी इतकी वर्षां एकान वल्हवायचा न् दुसऱ्यान मासे धरायचे, असाच चाललेला तुमचा." आणि ती परत आत गेली, कारण चुलीवर काहीतरी होतं.

खाडीवर जायचं ते भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत. उधाणाला पाणी गढूळ आणि ओढ फार, भांगाला पाणी संथ आणि निवळ. अष्टमीला सकाळी आम्ही धाकूला खुर्चीसकट उचललं. तो हां हां करत होता. ते हो होतं की नको, हे कुणी विचारलं नाही. होडीत त्याला मधल्या फळीवर बसवलं, मन्सूरच्या उजव्या बाजूला, म्हणजे मन्सूरचा उजवा हात आणि धाकूचा डावा शेजारी शेजारी येतात. वल्हं मारायला माणूस नव्हता म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. आयुष्यात मी रबरी शिक्क्यापेक्षा जड काही चालवलं नव्हतं. होडी पहिल्यांदा स्वतःभोवती फिरली. धाकू हसला. पडल्यापासून तो पहिल्यांदा हसला आणि तो मला हसला, याचा मला अजून थोडा राग आहे.

कांदळांच्या मुळांशी तांबोशी असते. तिथे होडी बांधली. मन्सूर बसूनच दोरी फेकायचा, पिसं पाण्यावर पडली की दोरी धाकूच्या डाव्या हातात द्यायचा. धाकू ती थोडी थोडी खेचायचा. कोलंबी उडते तशी, दोन झटके, मग थांबायचं, मग एक झटका. हे त्याला कुणी शिकवलं नाही. साठ वर्षं कोलंबी बघितलेल्या माणसाचा हात होता तो. तरी पहिल्या दिवशी काही लागलं नाही. त्या भांगाला आम्ही तीन दिवस गेलो, तिन्ही दिवस कोरडे. चौथ्या दिवशी सकाळी कमळाने सांगितलं की ह्यांनी आज खुर्ची स्वतःच खाडीकडे वळवली.

पुढच्या भांगाला, दुसऱ्या दिवशी, मासा लागला. दोरी सरळ झाली, पाण्यातून थेंब उडाले आणि काठी मुठीपर्यंत वाकली. मन्सूर ओरडला, "धर, धाकू, धर!" धाकूने धरलं. सहा पट्ट्यांची काठी करकरली नाही, नुसती वाकत राहिली. धाकू दोरी ओढत होता, मासा जोर करील तेव्हा बोटांतून थोडी सोडत होता, परत ओढत होता. त्याची मान ताठ झाली होती, तोंड लाल. मासा होडीपासून वावभर अंतरावर वर आला. तांबोशी, दीड-दोन किलोची, अंग उन्हात तांबडं. मन्सूर डाव्या हाताने खाली वाकला, तिला उचलायला.

मी वल्ह्याशी बसलो होतो, म्हणून मला दोघांचे हात दिसत होते. धाकूने मासा पाहिला. मग काठीवरची ती जागा पाहिली, मुठीच्या वरची, जिथे नाव लिहायचं होतं. मग खाली वाकलेला मन्सूर पाहिला. आणि त्याने बोटं उघडली.

दोरी सैल पडली. तांबोशीने एक शेपटी मारली आणि पाणी होतं तसं झालं.

"सुटला," मन्सूर म्हणाला.

"हां," धाकू म्हणाला आणि ओठाच्या एका कोपऱ्याने हसला.

परतताना मी नुसतं वल्ह्याकडे लक्ष दिलं.  सव्वीस वर्षं लोकांची पत्रं हाताळली, एकही उघडलं नाही. ही सवय एका मासळीपायी मोडायची मला गरज वाटली नाही. धाकूला घरी पोचवून आम्ही दोघे वर येत होतो, तेव्हा मन्सूरच थांबला. काठी त्याच्या खांद्यावर होती.

"मास्तर, तुमी बगितलात?"

"काय?"

"मीपण बगितला. बोटा उघडली त्याने. मासा हातात आला असता तर काठी आज द्यावी लागली असती. दिली की काम संपला." त्याने काठी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "एकोणीस वर्षां मी पुढं ढकलली. आता त्याचा नंबर हाय. बरोबर हाय त्याचा."

"मग आता?"

"आता काय? मासा हातात आला नाय तर काठी देता येत नाय. पुढल्या भांगाला परत जायचा."

त्याला वर्ष होऊन गेलं. महिन्यातून दोन भांग, पावसाचे चार महिने सोडून. आतापर्यंत त्या काठीला माझ्या मोजणीप्रमाणे अकरा मासे लागले आणि अकराही सुटले. धाकू आता मन्सूरच्या खांद्यावर हात टाकून धक्क्यापर्यंत पायी येतो. माझं वल्हं सुधारलंय, असं माझं मत आहे, धाकूचं नाही. मुठीच्या वरची जागा कोरी आहे.

गेल्या आठवड्यात बंगळूरच्या त्या गिऱ्हाइकाचा फैझानला परत निरोप आला, की दीड वर्ष होत आलं, माझी काठी कधी मिळेल. मी तिथेच बसलो होतो. मन्सूर करवंट्यांवर पट्टी शेकत होता, त्याने मान वर केली नाही.

"त्याला लिव," तो म्हणाला, "अगोदर एकाची हाय. त्याची झाली की तुमची."